सहा वीस

आमच्या कॉलेजात वर्ग भरतो
सहा वाजून वीस मिनिटांनी.
सहाला नाही, साडेसहाला नाही.
टॅलीच्या बॅचमधली महिमा विचारते, असं का?
मी फीची पावती फाडत म्हणतो,
आहे ते असंच आहे.

परदेशीपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत
आधी नुसतं विणकाम शिकवत, मग रंगाई,
मग रेडिओ, टायपिंग, भाड्याच्या चार मशीनींवर शिवण.
आता मोबाइल दुरुस्ती, पेशंटची देखभाल,
आणि सोलर,
ज्याचे मास्तर अजून यायचेत.

काल पेंटर फलक खरवडत होता.
'मोबाइल'खाली 'रेडिओ', त्याच्याही खाली
एक 'वि' निघाला, वेलांटी शाबूत.
"बाबूजी, हा राहू देऊ?"

तेवढ्यात विश्राम डोईफोडे आले.
सत्तरीचे. हातात अकरा रुपयांची जुनी पावती.
दुसऱ्या सत्रात मिल बंद पडली,
परीक्षा राहिली ती राहिलीच.
त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, सहा अठरा.
"भोंगा सहाला," म्हणाले,
"हात धुवायला पाच,
चालत यायला पंधरा."
आणि आत जाऊन खिडकीजवळच्या बाकावर बसले.

दोन मिनिटं होती अजून.
मी महिमाला हाक मारली.