दोन विती आणि एक बोट

फाटकाजवळच्या फळीवर मी खडूनं लिहिते :
आज धनुष्य, सात चाळीस ते नऊ.
खाली बारीक अक्षरांत :
ढग आले तर पैसे परत नाहीत.

बाबांकडे फळी नव्हती.
ते पुलाच्या टोकाशी उभे राहत, शर्ट चिंब,
हात ताणून चंद्राखाली वीत धरत,
वितीवर वीत, वर एक आडवं बोट.
चंद्र त्या बोटाच्या वर सरकला की म्हणत,
चला, ते आता दरीत उतरलं.
चंद्र चढेल तसं ते बुडतं,
तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं.

माझा फोन बेचाळीस अंश म्हणतो.
एका रात्री मी दोन्ही ताडून पाहिलं.
फरक निघाला तो माझ्या बोटाच्या जाडीचा.

त्यांची वही साखर कारखान्याची, पानं फुगलेली.
पाणी. वारा. चंद्र. दिसलं का.
'चौदा मे. पाणी अंगावर. दिसलं. नामाकाऊला ताप.'
(नामाकाऊ म्हणजे मी. तो ताप मला आठवत नाही.)
'दोन जून. धूर इतका, की चंद्रच दिसेना.'
नोव्हेंबरची पानं बहुतेक कोरी :
तेव्हा आमच्या काठाला नुसता काळा कडा उरतो,
मोसी-ओआ-तुन्याचा ना धूर, ना गर्जना.
एका पानावर एवढंच :
'चंद्र पुरा आहे. धरायला पाणी नाही.'

यंदा जूनमध्ये त्यांना लिव्हिंगस्टनहून आणलं, टॅक्सीनं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सात बेचाळीसला ते उमटलं.
दोन मिनिटं उशीर, फळीवर कुणी बोट ठेवलं नाही.

शेजारी एक डच बाई कॅमेरा तिकाटण्यावर लावून
अर्धा मिनिट श्वास रोखून बसलेली.
तिच्या पडद्यावर तांबडा, हिरवा, जांभळा, सगळे आले.
आमच्यापुढे मात्र एक फिकट कमान,
दुधात बुडवून वाळत घातलेल्या दोऱ्यासारखी.

बाबा म्हणाले, मला पांढरंच दिसतंय गं. डोळे गेले माझे.
म्हटलं, बाबा, सगळ्यांना पांढरंच दिसतं.
त्यांना ते पटलं नाही.
मी लहान होते तेव्हा रंग होते म्हणाले,
चांगले सात.
वहीत रंगाचा रकाना नाही. मी गप्प राहिले.

मग विचारलं, तुझं कुठून निघतं?
मी त्या वाकड्या झाडाकडे बोट दाखवलं.
त्यांनी दाखवलं हातभर डावीकडे,
खडकाच्या नाकापाशी.
आमचे खांदे एकमेकांना लागलेले,
दोघांच्या पापण्यांवर एकाच नदीचं पाणी.

मोतीबिंदूमुळे असेल, मी म्हणणार होते.
पण ते हसायला लागले,
चाळीस वर्षं मोजलेल्या माणसासारखे :
अगं, ज्याच्या त्याच्या डोळ्यातून निघतं ते,
मी काय तुझ्या जागी उभा आहे?

परतताना टॅक्सीत त्यांनी वही मागितली, पेन मला दिलं.
'दिसलं का' खाली मी 'हो' लिहायला लागले.
'हो' नको, ते म्हणाले.
दोन लिही.

उद्या आठ तीस.
वारा फिरला नाही तर.