वजा पंधरा मिनिटं

या इमारतीत एकशे बारा दारं
आणि एकालाही कडी नाही.
पूर्वी इथे सूत निघायचं. आता ताम्पेरेच्या या जुन्या गिरणीत
विमावाले, दंतवैद्य, नकाशे छापणारी एक कंपनी,
आणि तळघरात मी :
कुणी, कुठल्या दारानं, किती ते किती
हे ठरवणारी बाई.

लोकांना वाटतं दार म्हणजे लाकूड.
माझ्या लेखी दार म्हणजे तक्ता.
सोमवार ते शुक्रवार, सात ते सहा, सगळ्यांना.
दंतवैद्याच्या मदतनिसाला शनिवारी दुपारपर्यंत.
हॅनिनेनसाहेबांना केव्हाही, कुठेही,
अगदी सातव्या मजल्यावरच्या सौनातसुद्धा,
जिथे ते फिरकत नाहीत; त्यांना उकाडा सोसत नाही.
नोकरी सुटलेल्याचं कार्ड त्याच दिवशी बंद.
तेवढं एक मी कॉफीच्या आधी उरकते.

त्सेहायचं कार्ड मीच केलं.
आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही
आणि तिच्याकडे आडनावच नाही.
वडिलांचं नाव घातलं, ते बारा अक्षरांवर तुटलं.
"बाबा अर्धेच आले," म्हणाली,
आणि कार्ड गळ्यात अडकवलं.
दार चौदा, पहाटे तीन ते सहा, रविवार धरून.
तिच्या मनगटावर मात्र तेव्हा नऊ वाजलेले.
तिच्या गावी अंधार पडला की रात्रीचे तास मोजायला लागतात.
मला ते जास्त सरळ वाटलं,
पण यंत्रात तशी सोय नाही.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी
चार वाजायला आले, आणि पुन्हा तीन वाजले.
सरकारी नियमच तसा.
नोंद उमटली :
दार चौदा. आत. ३.५०.
दार चौदा. बाहेर. ३.३५.

हिशेबखात्यातल्या वेसानं विचारलं,
ही बाई यायच्या आधीच गेली कशी?
पगाराच्या यंत्रानं तोवर उत्तर काढलंही होतं :
वजा पंधरा मिनिटं.
म्हणजे जिने पुसल्याबद्दल
तीच आमचं पाव तासाचं देणं लागत होती.

मी खुलासा लिहिला. दोन पानं, आकृतीसकट.
वरून आलं : नोंदीत फेरफार करता येत नाही.

मग मला जे करता येतं ते मी केलं.
दार एकशे बारा, सौना.
धारक : त्सेहाय आणि अर्धे बाबा.
दर रविवारी, तीन ते चार.
भट्टी अडीचलाच तापायला लावली.
कारणाच्या रकान्यात टाकलं, देखभाल.
कुणाची, हे यंत्र विचारत नाही.

हिवाळाभर नोंदी येत राहिल्या.
आत ३.०४, बाहेर ३.५१.
आत ३.०२.
सोमवारी वर गेले की फळ्या कोरड्या,
बादली पालथी, तिच्या कडेला चिकटलेलं
बर्चचं एखादं पान.
आम्ही यावर एक शब्दही बोललो नाही.

मार्चमधला शेवटचा रविवार मी विसरले.
त्या रात्री दोन एकोणसाठनंतर थेट चार वाजतात.
तीन ते चार हा तास नसतोच.
मी दिलेली मुभा जागच्या जागी होती,
तिला पाय टेकायला तेवढा तास नव्हता.

दार एकशे बारा. ४.०१. नकार.
४.०१. नकार.
४.०३. नकार.
मग दार चौदा. बाहेर. ४.५०.
म्हणजे तशीच खाली उतरून जिने पुसले.

सोमवारी टेबलावर चिठ्ठी,
तिच्या फिनिशमध्ये, सगळे प्रत्यय गाळून :
"इल्मा. तास दिला, तास घेतला. फिटलं?"

मी हसले. मग बराच वेळ हसू येईना.
तक्ता उघडला, चार खोडून सहा केले,
रविवार खोडून रोज.
कारण द्या, यंत्र म्हणालं. देखभाल लिहिलं, पुसलं.
लिहिलं : फिटलं नाही.

हॅनिनेनसाहेब कधीतरी यादी चाळतील.
चाळोत.