कंट्रोल-जे

पहाटे साडेतीन. भरतीचा आलेख काढणारा प्रोग्राम
मध्येच मेला, आणि जाताना
टर्मिनलची वाचा घेऊन गेला.

डॉलरचं चिन्ह तेवढं उरलं डाव्या कोपऱ्यात,
बंद तिकीटखिडकीवरच्या पाटीसारखं.
मी लिहिते, उमटत नाही.
एंटर दाबते, काही हलत नाही.
बाहेर वास्कोचा धक्का, दोन बार्ज,
आणि पाचला पायलट विचारणार,
चॅनलमध्ये पाणी किती?

आनाक्लेत रेबेलो असते तर स्टूल ओढून बसले असते.
एकोणतीस वर्षं ही खोली सांभाळली त्यांनी.
आता दिवाडीला कोंबड्या पाळतात.
कोंबड्या, म्हणतात, लॉग ठेवत नाहीत, तेवढं बरं.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मुद्दाम
अशाच मुक्या पडद्यापुढे बसवलं होतं.
मी प्लग काढायला वाकले
तर हातावर चापट मारावी तसे बोलले,
"दिसना जाल्यार जांव, बाये. आयकता तें."

तर कंट्रोल-जे. आधीची अडगळ निघून जाते.
मग न दिसणाऱ्या ओळीवर एकेक अक्षर,
एस, टी, टी, वाय, जागा, एस, ए, एन, ई.
जागा विसरायची नाही. चुकलं तर
काय चुकलं तेही कळत नाही.
पाठीमागचा हूक लावताना बोटं पाहतात,
तसं.
पुन्हा कंट्रोल-जे.

डॉलर. पुढे चाचपून मारलेला एक 'ए'.
दिसला!
खोडायला गेले तर खोडला गेला नाही,
उलट टोपी आणि एच असं उमटून आलं.
शहाणं हो म्हटलं की टर्मिनल शहाणं होतं,
पण खोडायची एक खोड उरतेच.
कुठल्या बटणाने खोडायचं ते वेगळं सांगावं लागतं.
सांगितलं.

गेल्या शिगम्यात दुसऱ्या मशीनवर दुसराच घोळ.
मी हौसेने प्रॉम्प्टला निळा रंग दिला होता.
लांब ओळ लिहिली की ती वळून
स्वतःच्याच डोक्यावर चढायची.
दोन दिवस खिडकीची रुंदी मोजत बसले.
रेबेलो फोनवर हसले.
रंगाची अक्षरं दिसत नाहीत, पण शेल ती मोजतो;
दोन्ही बाजूंना खूण घालून त्याला सांगायचं,
ही जागा खात नाहीत.

घरी बाबा अजून तीन ताटं घेतात.
तिथे मी काही सांगत नाही.

पावणेपाच. आकडा मिळाला,
एक मीटर ब्याऐंशी, चढतं पाणी.
प्रोफाइलच्या चाळिसाव्या ओळीवर त्यांची टीप आहे,
"हें बदलूं नाका. आ. रे."
का, ते लिहिलेलं नाही.
एकदा बदललं होतं मी. पाच मिनिटांत परत ठेवलं.

पायलटचा फोन वाजला तेव्हा
लाइनवर नुसती खरखर होती.
हॅलो म्हटलं, उत्तर नाही.
मी तरी आकडा सांगितला,
दोनदा, सावकाश,
आणि थांबले.