चौसष्ट टक्के

पांढरी टिंबं गोल फिरतात.
मी स्टुलावर, खांद्यावर शाल.
जेल रोडला जानेवारीची थंडी अशी
की फरशीवर पाय टेकवत नाही.
बासष्ट टक्के. त्रेसष्ट.
चौसष्टला येऊन तो थांबतो,
चढावर दम लागलेल्या माणसासारखा,
आणि पडदा निळा.
खाली एक ओळ, सभ्य, सरकारी:
‘कोणतेही बदल करण्यात आलेले नाहीत.’

रात्रीतून चौथ्यांदा.

परवा अपडेट चालू असताना लाइट गेली.
बॅटरी फुगली म्हणून गेल्या वर्षीच काढलेली,
तेव्हापासून हा भिंतीच्या जिवावर जगतो.

पुण्याहून भाचा फोनवर:
मामा, बटण तीस सेकंद दाबून धरा.
धरलं.
सेफ मोड येतोय का?
नाही येत.
मग यंत्रच विचारतं, दोन पर्याय:
माझ्या फाइल्स ठेवा.
सगळं काढून टाका.
भाचा म्हणतो, पहिला अडकतोय ना,
दुसरा घ्या, तो नक्की चालतो.
नक्की चालतो, हे मलाही माहीत आहे.

तीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो.
एखादी शीट शाईला फिकी,
एखादा आकडा केसभर सरकलेला: बाजूला.
बाजूला म्हणजे फेकून नव्हे.
खराब कागदाचाही हिशेब लागे
चांगल्याइतकाच.
भोंगा होऊन गेला तरी
मोजणी जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे.
एकदा एका शीटपायी पहाटेचे चार वाजले,
निघाली ती टेबलाच्या पायाला चिकटलेली,
आणि निकम तिला बघून
हरवलेलं पोर सापडावं तसा शिव्या देत सुटला.

आत एकच फाइल आहे.
रात्रपाळीच्या माणसांची नावं.
फोटो नाहीत, कॅमेरा आत कोण नेऊ देणार?
नावं फक्त. कोण कुठल्या मशीनवर,
कोण डबा उघडताना काय म्हणायचा.
एकशे सत्तेचाळीस झाली होती.
दुसरीकडे कुठे उतरवून ठेवली नाहीत.
हो, चूक आहे.
दुसऱ्या कुणाची असती
तर मी लाल पेन्सिलीने गोल केला असता.

सकाळी बसने सीबीएस,
लॅपटॉप मांडीवर, जुन्या साडीच्या पिशवीत.
एम. जी. रोडला जिना चढून दुसरा मजला.
फरहीन बागवान, वय असेल पंचवीस,
काढलेले स्क्रू निघाले त्याच क्रमाने
कागदावर मांडून ठेवणारी.
(इथेच माझा विश्वास बसला.)
दर वेळी चौसष्टलाच? तिने विचारलं.
मग आधी रॅम बघू, काका.
पाठ उघडली.
धूळ, एक वाळलेली मुंगी,
बोटभर हिरवी पट्टी.
तिने ड्रॉवरमधून शाळेतला खोडरबर काढला.
मी घाबरून म्हणालो, खोडताय काय?
ती हसली. दात काळे पडलेत हिचे, घासते फक्त.
चार वेळा इकडून, चार वेळा तिकडून. फुंकर.

टिंबं फिरली.
पासष्ट!
मी इतक्या मोठ्याने वाचलं
की शेजारचा प्रिंटरवाला दारात आला.

दीडशे रुपये घेतले तिने,
आणि वर ताकीद:
आजच्या आज पेन ड्राइव्हवर घ्या.

घरी येऊन फाइल उघडली.
सगळे जागच्या जागी.
शेवटची ओळ जिथे लाइट गेली तिथेच:
‘निवृत्ती, कटिंग मशीन,
हसताना तोंडावर हात धरायचा, आडनाव’
आणि पुढे कर्सर लुकलुकतोय.

परवा आठवत होतं हो,
जिभेवर होतं, तेवढ्यात अंधार.
आता कपाळ चोळतोय
इकडून, तिकडून.
गायधनी? नाही. गायखे?
बोराडे तर नव्हेच, बोराडे दुसरा, तो ठेंगणा.

बायको म्हणते, जेवून घ्या आधी.
पेन ड्राइव्ह अजून पिशवीतच आहे.
उद्या पळशाला फोन लावून बघतो,
कुणीतरी उचलेल.