आदरार्थी बहुवचन

पहाटे साडेचार. माहुलचा रस्ता.
रिफायनरीची ज्योत, आणि हवेला तो वास
ज्याला आम्ही इथले लोक वास म्हणत नाही.
वाशी नाका ते खाडी, खाडी ते वाशी नाका,
सात खेपा. आठ गतिरोधक,
त्यातल्या दोघांचा रंग उडालाय, ते ढुंगणाला पाठ आहेत.
दुधाचा टेम्पो सापडला तर त्याच्या आडोशाने
एक किलोमीटर फुकट.

परवान्यावर छापलं होतं: हौशी.
हौसेला मोल नाही म्हणतात.
बाबांनी खत कारखान्याच्या पतपेढीतून काढलं ते
दोन लाख चाळीस हजार,
जामीनदार दोन, एक पिल्ले, एक वझरकर.
एका मोसमासाठी.

तिथे, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला,
समुद्राचा वारा आडवा घुसतो
आणि माणसं तिरकी रांग धरतात बगळ्यांसारखी.
पुढचा वारा खातो, मागचा जगतो, मग बदली.
रांग रस्त्याच्या रुंदीइतकीच.
जो उरतो तो कडेच्या गवतावर, त्याला आडोसा नाही.
ती जागा माझी.

घ त्यांच्या तोंडात बसेना, शेवटचा त ते गिळायचे.
घरतचा मी झालो गारा.
आडनावातलं घर गेलं, गारा राहिल्या;
एप्रिलात खरोखरच्या पडल्यासुद्धा,
हेल्मेटवर, ताडताड.

काम असं:
मागे संघाच्या मोटारीपर्यंत जायचं,
आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या,
थंडगार कुबड घेऊन पुन्हा पुढे,
वाटायच्या, आणि मेर्सी ऐकायला थांबायचं नाही.

गावोगाव लोक कुंपणाला टेकून ओरडायचे,
आले! आले!
त्यांच्या भाषेत, चल, हाण, दम सोडू नको.
मला पहिले दोन महिने मराठीच ऐकू यायचं.
घोळका जाताना ठीक होतं.
पण मी चार मिनिटं मागे,
एकटा, हनुवटीवर लाळ वाळलेली,
तरी एक म्हातारी मांडीवरची मटारची पाटी बाजूला ठेवून
उभी राहिली आणि
आले! आले!
एवढा मान मला ट्रॉम्बेत कुणी दिला नव्हता.

जुलैतल्या एका शर्यतीत लोईकच्या पुढच्या चाकाची हवा गेली.
मी थांबलो, माझं काढून दिलं.
सात सेकंद. याचा मला अजून अभिमान आहे.
तो गेला. चौथा आला.
मोटार त्याच्यामागे गेली, जायलाच हवी होती.
मी फ्लॉवरच्या शेताकडेला
एकचाकी सायकलचं शिंग धरून उभा.
मग सगळ्यात शेवटची गाडी आली.
तिला ते झाडूगाडी म्हणतात,
टपावर खराखुरा झाडू बांधलेला,
रस्त्यावर उरलंसुरलं गोळा करते.
तिच्यात बसायचं तर पाठीवरचा नंबर काढून द्यावा लागतो.
दिला, चारही पिनांसकट.
चालकाचं नाव एर्वे. काही बोलला नाही.
उकडलेलं अंडं सोलून हातावर ठेवलं,
मीठ कागदाच्या पुडीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात लोईकचा फोटो.
फोटोत माझं चाक.

कर्ज गेल्या मार्चात फिटलं.
चेंबूर कॅम्पात लोकांची वाकडी चाकं सरळ करतो,
एकेक तार पिळून, कान लावून.
लोईकचं नाताळला कार्ड येतं. त्यावरही गारा.

चौथ्या खेपेला हौसाबाई भेटते,
पालिकेचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, नाकावर पदर.
धूळ माझ्या तोंडात जाऊ नये म्हणून
झाडू उचलून धरते, जोडीदारणीला हाक मारते,
"थांब गं, आला."

आला.
मी पुढे सरकतो, मागे झाडू पुन्हा सुरू,
खर्र, खर्र,
आणि काय सांगू, अजूनही
पायांना वाटतं ती गाडीच आली.
गियर बदलतो.