लाइनचा चिंचोका

बर्डीतलं गेम पार्लर बंद पडलं
तेव्हा बाबांचे दोन मोटरींच्या वाइंडिंगचे पैसे अडकले होते तिथं.
मालक म्हणाला, पैसे नाही भाऊ, हा टेबल न्या.
चौघांनी हातठेल्यावरून तो पाचपावलीत आणला,
भर नवतप्यात, वर ओलं पोतं टाकून,
जशी आत बर्फाची लादीच आहे.

आई दारात. "अन् झोपाचं कुठं?"
"याच्यावर," बाबा म्हणाले.
त्यांनी गंमत केली होती. पण झालं तसंच.

खोली दहा बाय बारा, टेबल सात बाय चार.
उरलेल्यात आम्ही पाच जण, सिलेंडर, आत्याची शिलाई मशीन.
टेबलाचा पंखा जळालेला,
बाबांनी त्यात आमच्याच कूलरची मोटर बसवली.
आता खिडकीत कूलर होता नुसता, वाळ्याच्या ताट्या लावलेला, मुका,
आणि वारा निघायचा टेबलातून,
आठशे बारीक भोकांतून वर.
(हेमराजनं मोजली होती. मी सातशे नव्वदवर चुकायची.)

चकती तर आलीच नव्हती सोबत.
चिवड्याच्या बरणीचं झाकण उडून देव्हाऱ्यात गेलं.
कॅरमचा जुना स्ट्रायकर हवेला पेलेना,
बसून राहिला मुक्कामी आलेल्या मामासारखा.
शेवटी बाबांनी सनमायकाची एक कापली,
कानशीनं घासली, टेबलावर सोडली
आणि कान लावून ऐकत राहिले,
बेअरिंग ऐकतात तसे.

आकड्यांची पाटीही बिघडलेली.
बाबांच्या बाजूला कायम आठ,
समोर अंधार.
"म्हणजे सुरू व्हायच्या आधीच जिंकले का तुम्ही?"
असं म्हणून आईनं अष्टचंग्याचे चिंचोके काढले,
एका अंगानं घासून पांढरे केलेले.
एक गोल, एक चिंचोका.

आईला कोणी हरवू शकलं नाही.
तिच्या माहेरी माग होता,
लहानपणी तिनं धोटा फेकला होता इकडून तिकडे, तिकडून इकडे,
मनगटाला ते आठवत होतं.
ती बोलत बोलत मारायची, भाजीत मीठ टाकलं का विचारत,
आणि बाबा, मोटरींचे डॉक्टर,
आपल्याच गोलात हात घालून चकती काढत बसायचे.

दुपारी हेमराज उघडा होऊन टेबलावर पडायचा.
उठला की पाठभर ठिपके,
रांगोळीचे, रेघा ओढायच्या राहिलेले.
"पोट्ट्याच्या घामानं भोकं बुजून राह्यली!"
मग आई सुई घेऊन बसायची,
एकेक भोक मोकळं करत,
नाकपुडीशी वारा लागला की पुढचं.

घरात नियम एकच होता:
लाइन गेली की हात वर.
सळसळणारी चकती एकदम जड व्हायची,
जिथं असेल तिथं चिकटायची,
आणि ती तशीच ठेवायची, लाइन येईपर्यंत.

त्या रात्री सहा-सहा.
चकती आईच्या गोलापासून वीतभर, आणि लाइन गेली.
अकरा वाजले. बारा.
पाचपावली सगळी गच्चीवर. आमचेही गेले चटया घेऊन.
मी खालीच राहिले,
कोणी हलवू नये म्हणून.

तीनला आली.
बटण चालूच राहिलेलं. मोटर घरघरली.
कोणी मारलं नाही, मीही नाही.
चकती केसभर उचलली गेली, 
थांबली, जशी कोणाला विचारते,
आणि टेबल थोडा आईकडे कलता होता ना,
विटेनंही न सुधारलेला,
म्हणून सावकाश, अगदी सावकाश
चालत गेली आत.
टक्.

सकाळी भांडण. बाबा म्हणाले, माझा.
आई म्हणाली, तुम्ही तर घोरत होते.
मला विचारलं. मी खरं ते सांगितलं.
आईनं एक चिंचोका उचलला,
दोघांच्याही ढिगापासून दूर, भिंतीशी ठेवला.
"हा लाइनचा."

मृग लागेपर्यंत
लाइनचे अकरा झाले.
माझे चार.