मधल्या जागेत: संगीत

वह्या एकूण एकशे बारा.
मालकाच्या पोरांना नको होत्या,
संग्रहालयानं हात वर केले,
म्हणून माझ्या तळघरात आल्या,
बीटच्या बरण्यांशेजारी.

डुलुथचं आमचं स्टेशन गाण्यासाठी निघालं
असं कुणी सांगितलं तर मान डोलवा,
विश्वास मात्र ठेवू नका.
ते निघालं गाद्या विकायला.
आर्विड लिंडक्विस्टचं दुकान, वर रिकामा मजला,
आणि मंदीत न खपलेल्या दोनशे गाद्या.
त्यानं त्या भिंतींना उभ्या टेकवल्या,
आवाज घुमू नये म्हणून.
म्हणजे आमचं पहिलं गाणं
माणसांच्या आधी कापसानं ऐकलं.

मी आले एकावन्न साली. व्हर्ना स्कोग्लुंड, वय एकोणीस,
अक्षर बरं.
काम एवढंच: कुठली जाहिरात, किती वाजता, किती सेकंद.
सहा चार, हाल्वोर्सन कॉफी, तीस.
सहा अकरा, पेल्टोला टायर, साठ.
आणि मधल्या जागेत एक उभी रेघ,
रेघेला टेकून एक शब्द: संगीत.
कुठलं, कुणाचं, त्याला रकानाच नव्हता.
गाण्याचे कुणी पैसे देत नव्हतं ना.
(देत होते. शिकागोहून एक गुळगुळीत माणूस यायचा,
तबकडीच्या पाकिटात तबकडी
आणि तबकडीमागे नोटा.
पण तेही वहीत नाही.)

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरातलं हे पान बघा.
अकरा वीस ते अकरा एकतीस: कोरं.
रेघ नाही, शब्द नाही.
पाळी तोइव्हो हापालाची.
सरोवर पिसाळलेलं, धाकटा भाऊ खनिजाच्या बोटीवर.
तबकडी संपली तेव्हा तोइव्हो छपरावर होता,
कालव्याच्या तोंडाशी दिवा दिसतो का बघत.
अकरा मिनिटं गावानं सुईची खरखर ऐकली.
म्हणतात, एकाही घरानं बटण फिरवलं नाही.
म्हणणारे पुष्कळ. मी झोपले होते.
दिवा दिसला, भाऊ आला,
आणि लिंडक्विस्टनं पगारातून कापले
चार डॉलर वीस सेंट,
बुडालेल्या दोन कॉफींचे.
तो आकडा माझ्याच हातचा, लाल शाईचा.
तोइव्हो त्यानंतर माझ्याशी
फक्त हवामानाबद्दल बोलला,
सोळा वर्षं.

मग एफएम आलं. दुकान गेलं.
गाद्या उचलल्या तेव्हा भिंतीवर
गाद्यांच्याच आकाराचे फिकट चौकोन.
स्टेशन चार वेळा विकलं, चारही वेळा केक कापला.
आता डॅलसमधला एक संगणक
दर तासाला ‘आपलं सरोवर’ म्हणतो.
ते गोठलंय की नाही, त्याला कोण सांगणार?
बर्फ पडला की बंद शाळांची नावं
कुणी वाचत नाही.

परवा एका बाईचा फोन.
बासष्ट, जून, दुसरा शनिवार, आठच्या पुढेमागे,
धक्क्याजवळ उभ्या गाडीत
तिच्या नवऱ्यानं, तेव्हा नवरा नव्हता तो, विचारलं होतं.
रेडिओ चालू होता. गाणं कुठलं?
नवरा मार्चमध्ये गेला.
मी खाली गेले, गुडघे मोजत, वही सत्तेचाळीस.
आठ दहा, पेल्टोला टायर.
आठ चौदा, नॉर्डबी टोमॅटो सूप.
मधल्या जागेत: संगीत.
बाई, मी म्हटलं, चार मिनिटांच्या आतलं होतं,
याहून जास्त मला ठाऊक नाही.

पलीकडे शांत.
मग ती एकदम: सूप?
नॉर्डबीचं सूप?
आणि हलकेच, घसरत्या सुरात, ती सुरू झाली.
गाणं नव्हे, जाहिरात.
शब्द न् शब्द.
दुसऱ्या ओळीला मी तिला गाठलं.
दोन म्हाताऱ्या, एक तार,
टोमॅटो, दाटसर, चमचाभर साय,
शेवटच्या टुणकन वाजणाऱ्या घंटेपर्यंत.

मी सवयीनं घड्याळ पाहिलं.
तीस सेकंद.